नाकेदारांचा आड

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. आधी एका पाइपाखाली उभं केलं.

"पावणं, हितं थांबा. हलायचं न्हाय," असं म्हणून ते तांब्या घेऊन जिन्यानं गच्चीवर गेले. मी गारगोटीहून सकाळच्या एसटीनं कोल्हापुरात आलो होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी लागली होती आणि दुपारपासून सहा घरांनी मला नकार दिला होता. त्यामुळे अनोळखी माणसाच्या अंगणात पाइपाच्या तोंडाकडे बघत उभं राहायला मला काही वाटलं नाही. तेवढ्यात वरून आवाज आला, "आलं का?"

"नाही आलं," मी म्हणालो.

"नीट बघा की. तांब्याभर वतलंय."

मी वाकून पाइपात डोकावलो. ठणठणीत कोरडा होता.

"थेंब बी न्हाय?"

"थेंबही नाही."

ते खाली आले, पाइपात हात घातला आणि आतून फडक्याचा एक बोळा ओढून काढला. मागं तुंबलेलं सगळं पाणी माझ्या नव्या बुटांवर आलं. "खोली तुझी," ते म्हणाले. "ये आत, पोरा." माझ्याआधी तीन जण त्या पाइपाखाली उभे राहून गेले होते आणि तिघांनीही 'आलं' म्हणून सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्यातला एक बँकेत होता, त्यानं तर धो धो आलं म्हणून सांगितलं. "तांब्याभर पाणी धो धो कसं येईल, सांग बघू," असं ते घरमालक, म्हणजे आण्णा, मला पुढं सात वर्षं विचारत राहिले.

सगळी गल्ली त्यांना नाकेदार म्हणायची. शहरात येणाऱ्या मालावर महापालिका जकात घ्यायची, तेव्हा ते वेशीवरच्या एका नाक्यावर होते. उभी हयात त्यांनी ट्रक थांबवून तीन प्रश्न विचारण्यात घालवली: कुठनं आला, आत काय हाय, कुठं जाणार. जकात बंद झाली, आण्णा घरी आले, प्रश्न मात्र नोकरीवरच राहिले. दूधवाला, गॅसवाला, लग्नपत्रिका घेऊन आलेला चुलतभाऊ, सगळ्यांना फाटकात थांबून तिन्ही उत्तरं द्यावी लागायची. ती देऊन होईपर्यंत तो माणूस 'पावणं'. सख्खा जावई दिवाळीला आला, त्यालाही पावणं म्हणून फाटकात उभं केलेलं मी पाहिलंय. एकदा हद्दीत घेतला की मात्र तो घरचा. मग पुन्हा पावणं नाही.

निवृत्त होताना ऑफिसनं त्यांना नारळ आणि शाल दिली होती. ती शाल कुठं गेली ते त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींनाही सांगता यायचं नाही. त्यांनी स्वतःहून नाक्यावरून एक वस्तू आणली होती, पोती टोचून बघायची लोखंडी सळई. कमरेएवढी लांब, टोकाला चपटी, मुठीशी हाताला लागून लागून गुळगुळीत झालेली. पाऊस पडून गेला की आण्णा ती सळई अंगणात खुपसायचे, बाहेर काढून टोकाचा वास घ्यायचे आणि सांगायचे, "दीड वीत गेलंय." मी विज्ञानाचा पदवीधर. पहिल्या पावसाळ्यात मला हसू आवरेना. दुसऱ्या पावसाळ्यात मी गुपचूप एकदा सळईचा वास घेऊन बघितला आणि मलाही तो दीड वितीचाच वाटला, तेव्हा मी जरा घाबरलो.

त्यांच्या हिशेबी पाऊस हा बाहेरगावचा माल होता. कोकणातून निघतो, घाट चढतो, शाहूवाडीवरून कोल्हापुरात शिरतो आणि कुणी न विचारता गटारातून नदीला जातो. हे त्यांना सहन व्हायचं नाही. "शंभर मैलांवरनं आलेला माल हाय त्यो. थांबवून इचारायचं तरी," असं ते इतक्या कळकळीनं म्हणायचे की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी चुकवून नेल्यासारखं वाटायचं. घराच्या छपराला, गच्चीला, न्हाणीच्या पत्र्याला, इतकंच काय कोंबड्यांच्या खुराड्यालाही त्यांनी पन्हळी लावून घेतल्या होत्या. सगळं पाणी एका मोठ्या पाइपात आणि तो पाइप अंगणातल्या आडात. आड जुना, दगडी, गल्लीत बोअरवेल मारल्यापासून कोरडा पडलेला.

पाऊस पडत असताना कुणी पाहुणा आला, तर त्याची छत्री आडावर झटकून घेतली जायची. रेनकोटही. एकदा शेजारच्या गल्लीतले एक वकील पार भिजून आले, तर त्यांना आडाच्या काठावर उभं करून सदऱ्याचे दोन्ही सोगे पिळायला लावले. "पाऊस आमच्या हद्दीत पडलाय, वकीलसायेब. तुम्ही तसाच घरी न्यायला लागलाय."

काकी हुपरीच्या. माहेरी घरोघर चांदीचं काम, त्यामुळे पायात कायम वजनदार पैंजण, आणि त्या कुठल्या खोलीत आहेत हे सगळ्या घराला माहीत असायचं. नवऱ्याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "लग्न ठरवताना बाबांनी इचारलं, मुलगा काय करतोय. नाक्यावर हाय म्हणाले. आम्हाला वाटलं, चार-सहा वर्षांत सुटंल."

एकदा आमच्या गल्लीत एक मयत झालं. आण्णा समाचाराला गेले, मीही बरोबर होतो. आण्णा छताकडे टक लावून अर्धा तास बसले. घरच्यांना वाटलं, माणूस फार हळवा झालाय. उठताना त्यांनी मयताच्या थोरल्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात विचारलं, "ह्या पत्र्याचं पाणी कुठं जातंय?" मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतात. तर तो भाऊ डोळे पुसून म्हणाला, "भिंतीत मुरतंय, आण्णा. तीन वर्षं झाली." बाराव्यानंतर दोघं त्या पत्र्यावर चढलेले होते आणि खाली चाचा पाइप धरून उभे होते.

हे चाचा म्हणजे आण्णांचे प्लंबर. पाइप जोडण्यात त्यांचा हात धरणारा माणूस गावात नव्हता आणि बोलायला अतिशय कमी. आण्णांच्या सगळ्या जोडण्या त्यांच्याच. त्यातली एक जोडणी आण्णांची लाडकी होती. छपरावरून पहिला पाऊस खाली येतो तो धूळ, पाला, कबुतरांची घाण घेऊन येतो. ते पाणी आडात सोडायचं नसतं. म्हणून चाचांनी पाइप आडाकडे वळतो तिथं एक फाटा काढून तोटी बसवली होती. तोटी उघडी असली की पाणी फाटकाबाहेर गटारात, बंद केली की आडात. आण्णा तिला नाका म्हणायचे. पहिला अर्धा तास नाका उघडा, पहिलं पाणी बाहेर, मग स्वतः जाऊन तोटी बंद. घड्याळ बघून. एकोणतीस मिनिटांनी पाऊस थांबला तर थांबला, सगळा माल परत गेला असं ते शांतपणे म्हणायचे. अशा वेळी काकींचे पैंजण जरा जोरात वाजायचे.

आता नियमांचं सांगतो, कारण पुढचं सगळं नियमांनीच घडवलं. नव्या इमारतीला पावसाचं पाणी जिरवायची सोय दाखवल्याशिवाय भोगवट्याचा दाखला मिळत नाही. जुन्या घरवाल्यानं आपणहून ती केली आणि पाहणी होऊन मंजूर झाली, तर घरफाळ्यात सूट मिळते. आण्णांनी हे नियम छापील मिळवले होते आणि पाण्यापासून वाचवायला प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते. समोर नवी चार मजली इमारत झाली. तिच्या भिंतीवरून एक सुंदर निळा पाइप खाली आला आणि एका कुंडीत संपला. कुंडीत गुलाब होता. पाहणी झाली, दाखला मिळाला. आण्णा रोज सकाळी रस्ता ओलांडून त्या कुंडीपाशी जायचे आणि तिच्याकडे आदरानं बघायचे. "अख्ख्या गच्चीचं पाणी हिच्यात जिरतंय म्हणं. कुंडी कसली, रंकाळा तलाव हाय."

स्वतः आण्णांना मंजुरी मिळत नव्हती. अर्जात एक रकाना होता, पाहणी करणाऱ्यानं पाणी उतरताना प्रत्यक्ष पाहिलं का. पावसाळ्यात पाहणीला कुणी यायचं नाही, कारण पाहणीच्या साहेबांची ड्युटी पुराला लागलेली असायची. पूर ओसरून, दिवाळी होऊन, मार्च संपवून साहेब यायचे ते रखरखीत उन्हात. आडात वाकून बघायचे, पाइपाकडे बघायचे, आकाशाकडे बघायचे. "सोय चांगली हाय, आण्णा. पण उतरताना बघितलं असं कसं लिहू?" साहेब मूळचा वाईट माणूस नव्हता. चहा घ्यायचा, काकींची चौकशी करायचा आणि रकाना मोकळा ठेवून जायचा.

असं चार वर्षं चाललं. आण्णांना घरफाळ्याच्या सवलतीची काही पडली नव्हती, त्यांना तो रकाना भरलेला हवा होता. पाचव्या वर्षी नोटीस आली. वापरात नसलेले उघडे आड धोक्याचे आहेत, पावसाळ्यापूर्वी बुजवून घ्यावेत, नाहीतर ऑफिस बुजवेल आणि खर्च वसूल करेल. पाणी जिरवण्यासाठी मंजूर झालेला आड असेल तर तो वगळला जाईल.

आण्णांनी नोटीस दोनदा वाचली. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्या घरात मी आधी कधी ऐकली नव्हती. जकात बंद झाल्यावर त्यांचा नाका एका सकाळी पाडला होता. गाड्या तोलायच्या काट्याखाली एक खड्डा होता, त्यात नाक्याच्याच भिंतींचा राडारोडा ओतून वरून रोलर फिरवला. आण्णा समोरच्या चहाच्या गाड्यावर बसून बघत होते. "तीस वर्षं मी तिथं कुणालाबी न इचारता जाऊ दिलं न्हाय. आन् त्या दिशी कोण आलं, काय वतलं, कुठं गेलं, मी एक शब्द इचारला न्हाय. गप चा पीत बसलो." त्यांनी नोटीस घडी करून खिशात घातली. "ह्यो आड बुजू देणार न्हाय मी."

काकी म्हणाल्या, बुजवा एकदाचा, तिथं माझी स्कूटी लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं तर आडाच्या जुन्या रहाटाला हळदकुंकू लागलं होतं.

आण्णा ऑफिसात गेले. साहेबांनी मे महिन्यातली तारीख दिली. आकाशात ढगाचा टिपूस नव्हता आणि नळाला एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं पाणी येत होतं. अशा दिवसांत पाऊस पाडून दाखवायचा होता. आण्णांनी टँकर मागवला. पाणी वाचवायची सोय मंजूर व्हावी म्हणून विकतच्या पाण्यानं पाऊस पाडायचा, यात काही विचित्र आहे असं त्या दिवशी आम्हा कुणालाच वाटलं नाही. मी तर कॉलेजातून सुटी काढली होती. चाचांनी टँकरचा पाइप गच्चीवर नेऊन त्याच्या तोंडाला स्वतः बनवलेला झारा बसवला, म्हणजे पाणी पावसासारखं पडावं. काकींनी आदल्या दिवशी गच्ची घासून घेतली होती. आण्णा वर. तोटीपाशी चाचा. आडाच्या काठावर, पाइपाच्या तोंडाशी मी आणि साहेब.

"सोडा," आण्णा वरून म्हणाले, आणि मे महिन्याच्या भर दुपारी आमच्या गच्चीवर पाऊस सुरू झाला. आवाज हुबेहूब होता. गल्लीतल्या बायका दारात आल्या. एक म्हातारी आत जाऊन वाळत घातलेले पापड काढायला लागली.

पाणी पाइपातून उतरायला लागलं आणि फाट्यावर येऊन बाहेर वळलं. नाका उघडा होता.

"आण्णा," चाचांनी मान वर करून विचारलं, "तोटी बंद करू?"

"अर्धा तास झाला का?"

"पाच मिनटं झाली. पानी टँकर का है, आण्णा. गच्ची काल घासलीय. घाण कुठली ह्यात?"

"पहिलं पाणी बाहेर सोडायचं. नियमात लिवलंय. सायेब हुबं हाईत आन् मी नियम मोडू व्हय?"

"टँकर केवढा हाय ते तरी बघा की."

"अर्धा तास," आण्णा म्हणाले.

फाटकाबाहेर गटार वाहायला लागलं. मग गटार भरून पाणी रस्त्यावर आलं. प्यायच्या पाण्यासाठी आदल्या दिवशी पहाटे उठलेल्या बायका त्या पाण्याकडे बघत होत्या आणि नाकेदारांबद्दल जे बोलत होत्या ते मला इथं लिहिता येणार नाही. दोघीतिघींनी घागरी आणून गटारातून भरायला सुरुवात केली. काकी आतून बाहेर आल्या, तोटीकडे बघितलं, वर बघितलं आणि पुन्हा आत गेल्या. तोटीवर हात ठेवून चाचा पुतळ्यासारखे उभे होते. तो हात त्यांनी जरासा वळवला असता तर काम झालं असतं. पण नाका आण्णांचा होता, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही हे त्या घरात इतकं ठरलेलं होतं की चाचांना ते सुचलंही नसावं.

चोविसाव्या मिनिटाला झारा खोकला. मग थेंब थेंब झाला. मग थांबला.

वरून आवाज आला, "आलं का?"

मी आडाकडे बघितलं. पाइपाचं तोंड कोरडं होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं, घाम पुसला आणि ते माझ्या कानाशी आले. "हो म्हणा की. तुम्ही आलं म्हटलं तर मी आलं लिहितो. माझं काय जातंय? म्हाताऱ्याचा आड तरी वाचंल."

मला आजही त्या क्षणाचा राग येतो. एक शब्द बोलायचा होता. आण्णा वर होते, त्यांना खालचं दिसत नव्हतं. आड वाचला असता. पण ज्या शब्दाच्या जिवावर मला त्या घरात खोली मिळाली होती, तो शब्द मला फिरवता येईना.

"नाही आलं," मी म्हणालो.

"थेंब बी न्हाय?"

"थेंबही नाही."

साहेबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि लिहिलं: स्थळपाहणीत पाणी आढळून आले नाही. आण्णा खाली आले. चेहरा पार उतरलेला होता. साहेबांच्या खांद्यावरून त्यांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, "बरोबर लिवलंय. आलं न्हाय तर न्हाय." मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "बरोबर सांगितलंस, पोरा." काकी माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. ताटात भाकरी मात्र रोज वेळेवर पडायची, फक्त जरा उंचावरून.

आण्णांनी त्या कागदाची फ्रेम केली आणि सोप्यात, आत येणाऱ्याला पहिली दिसेल अशी लावली. आड बुजवायची गाडी पावसाळ्यापूर्वी यायची होती, पण सगळ्या गाड्या नाले काढायला गुंतल्या होत्या. पावसाळा झाल्यावर येतो, असा निरोप आला. आण्णा रोज आडाच्या काठावर खुर्ची टाकून बसायला लागले, एखादा माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसतो तसे.

त्या वर्षी पाऊस असा लागला की पंधरा दिवस सूर्य दिसला नाही. पंचगंगा पात्र सोडून गावात शिरली. खालच्या भागातली माणसं शाळांत हलवली. आमची गल्ली चढावर, आम्ही बचावलो. पण नदीकाठचे पाण्याचे पंप बुडाले आणि सगळ्या गावाचे नळ गेले. पाऊस उघडला तरी पूर हटेना. रस्ते बंद, टँकर नाहीत, वीज नसल्यानं बोअरवेलही बंद. जिकडे बघावं तिकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही अशी अवस्था झाली. समोरच्या चार मजल्यांवरच्या लोकांनी गच्चीवर साचलेलं पाणी बादल्यांत भरायचा प्रयत्न केला, पण ते सगळं त्या निळ्या पाइपानं आधीच कुंडीत नेलं होतं. गुलाब केव्हाच वाहून गेला होता.

आणि आण्णांचा आड भरला होता. अर्धा तास बाहेर, उरलेले पंधरा दिवस आत. पाणी काठाखाली दोन हातांवर होतं, निवळशंख. चाचांनी तुरटी फिरवली, काकींनी पहिली घागर ओढली आणि ओढताना त्या रडत होत्या. "वीस वर्षांनी रहाट वाजला," म्हणाल्या, "आन् मी म्हणत हुते बुजवा."

सकाळपर्यंत फाटकात रांग लागली. फाटकाच्या आत खुर्चीवर आण्णा, हातात सळई.

"कुठनं आला?"

"मागच्या आळीतनं, आण्णा."

"काय हाय?"

"रिकामी घागर हाय."

"कुठं नेणार?"

"घरी की. पोरं तहानल्यात."

"जावा आत."

प्रत्येकाला तिन्ही प्रश्न. रांग कासवासारखी सरकत होती, लोक चिडत होते, पण कुणी प्रश्न चुकवून आत गेला नाही. तिसऱ्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, दाढी वाढलेला एक माणूस दोन कॅन घेऊन फाटकात आला. पुराच्या ड्युटीवर चार रात्री झोपला नव्हता. खुर्चीवर कोण बसलंय ते त्यानं आधी बघितलंच नाही. समोर सोप्याच्या भिंतीवर फ्रेम दिसली तेव्हा तो थांबला.

"कुठनं आला, पावणं?" आण्णांनी विचारलं.

"आण्णा, मी..." साहेब म्हणाले. "आई आजारी हाय घरात. दोन दिवस पाणी न्हाय."

"कॅन कशाला आणल्यात? कागदावर तर हितं पाणीच न्हाय. भरणार काय?"

रांगेतले चाळीस लोक ऐकायला पुढं सरकले. मला वाटलं, आण्णा आता याला परत पाठवणार, आणि खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. आण्णा उठले. साहेबांचा दंड धरून त्यांना आडापाशी नेलं. "बघा. नीट वाकून बघा. आढळतंय का?"

"आढळतंय की, आण्णा."

"लोकांस्नी ऐकू न्हाय आलं."

"आढळलं," साहेब मोठ्यानं म्हणाले. "दोन पुरुष खोल पाणी आढळलं."

आण्णांनी त्यांच्या हातातले कॅन काढून घेतले आणि स्वतः भरून दिले. त्यांना स्वतः पाणी ओढताना मी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

पूर ओसरल्यावर मंजुरीचा कागद आला. रकाना भरलेला होता. आड वगळला गेला. घरफाळ्यात सूटही मिळाली, ती किती हे आण्णांनी बघितलं नाही. नवा कागद त्यांनी जुन्याच्या शेजारी लावला, जुना काढला नाही.

माझं लग्न झालं आणि दोन वर्षांनी मी शहराबाहेरच्या एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. ताबा घ्यायच्या दिवशी मी इमारतीभोवती चक्कर मारली. मागच्या बाजूला एक निळा पाइप खाली आला होता आणि सिमेंटच्या चौथऱ्यात गेला होता, शेजारी लोखंडी झाकणाची एक टाकी. मला पाइपांतलं कळतं. सात वर्षं मी ज्या घरात काढली, तिथं न कळून चालतच नव्हतं. मी बिल्डरला विचारलं, "हे जोडलंय ना आत?" तो म्हणाला, "साहेब, दाखला आलाय की." मी झाकण उचलून बघितलं नाही. सही केली.

वास्तुशांतीला आण्णा आणि काकी आले. आण्णा थकले होते, सळईचा आता काठीसारखा आधार घेत होते. दुसऱ्या हातात तांब्याचा तांब्या, तोंडाला फडकं बांधलेलं. "आडाचं पाणी आणलंय तुला," काकी म्हणाल्या. "बसमधनं मांडीवर धरून आणलाय. कंडक्टरलाबी हात लावू दिला न्हाय."

आण्णांनी हॉल बघितला नाही, स्वयंपाकघर बघितलं नाही. "पाइप कुठं हाय?" म्हणाले. मी त्यांना मागं नेलं. पाइप बघून ते खूश झाले, हातानं थापटला. "झाकण उघडून थांब," म्हणाले आणि तांब्या घेऊन चार जिने चढायला लागले. मी नको नको म्हणत होतो. सासरे, मेहुणे, बिल्डर, पेढ्यांचा खोका हातात धरलेली बायको, सगळे गंमत बघायला खाली जमले.

मी झाकण उचललं. आत विटांचे तुकडे, सिमेंटची एक फाटकी गोणी आणि कुणा गवंड्याची तुटकी चप्पल होती. पाइपाचं तोंड कुठंच नव्हतं.

वरून आवाज आला. दमलेला होता, पण तोच होता. "आलं का, पोरा?"

बिल्डर माझ्याकडे बघत होता. सासरे हसत होते. आण्णांना वाईट वाटू नये म्हणून मी तसं बोललो, असं मी पुढं बायकोला सांगितलं. ते खरं नाही. मला माझीच लाज वाटत होती.

"आलं," मी म्हणालो.

"किती?"

"तांब्याभर."

मी झाकण लावून टाकलं. आण्णा सावकाश खाली आले. त्यांनी झाकणाच्या भोकातून सळई आत घातली, दाबली, बाहेर काढली आणि टोकाचा वास घेतला. मग पंचाच्या टोकानं सळई पुसली. पंगतीला बसले, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, माझ्या बायकोच्या हाताचं कौतुक केलं.

निघताना दारात थांबून त्यांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. "येतो, पावणं," म्हणाले.

काकींनी दचकून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि त्यांच्यामागून जिना उतरायला लागल्या. पैंजणांचा आवाज खालच्या फाटकापर्यंत ऐकू येत होता.